सुरी बाजूला ठेवा, काकू

फ्रिज-मिस्त्रीला विचारा : मे महिन्याची पत्रं

होळी झाली की आमच्या दुकानाचा फोन वाजायला लागतो आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत थांबत नाही. कूलरचा वाळा बदलायचा आणि फ्रिजवाल्याला बोलवायचं, नागपुरात ही दोन्ही कामं एकाच आठवड्यात निघतात. या महिन्यात संपादकांनी पत्रांचा गठ्ठाच दुकानात पाठवून दिला. त्यातली निम्मी पत्रं फ्रीजरची आहेत, म्हणून या वेळी तोच विषय. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागायच्या आत अंक हातात पडला तर बरं.

प्रश्न : आमचा सिंगल डोअर फ्रिज नऊ वर्षांचा आहे. फ्रीजरमध्ये बर्फाचा डोंगर झाला आणि दुधाची पिशवी आत अडकली. सुरीनं खरवडता खरवडता ‘सूंऽऽ’ असा आवाज आला आणि मिनिटभरात थांबला. काल दुपारपासून कॉम्प्रेसर चालूच आहे, पण बर्फ जमत नाही. मुलगा म्हणतो, एम-सील लावून पाहू. लावू का? — एक गृहिणी, महाल

उत्तर : काकू, आधी उठून फ्रिज बंद करा. बाकीचं मग वाचा.

केला? आता सांगतो काहून. तुमच्या फ्रीजरचा तो डबा ॲल्युमिनियमच्या दोन पत्र्यांचा असतो. पत्रे एकमेकांवर चिकटवलेले आणि मधे नागमोडी वाट फुगवलेली. हात फिरवला तर ती फुगीर नक्षी बोटाला लागते. गॅस त्याच वाटेनं फिरतो. सुरीचं टोक नेमकं त्या फुगवट्यावर बसलं. आवाज थांबला म्हणजे भोक बुजलं असं नाही, आतला गॅस संपत आला म्हणून तो थांबला. कॉम्प्रेसरला बिचाऱ्याला हे कळत नाही. त्याचं काम ओढायचं, तो ओढतच राहतो. गॅस नाही तर हवा ओढतो, आणि हवेच्या मागून त्या भोकाशी साचलेलं बर्फाचं पाणीही. पाणी एकदा कॉम्प्रेसरच्या तेलात गेलं की खर्च डब्यापुरता राहत नाही. भोक पडल्या पडल्या फ्रिज बंद केला तर डबा दुरुस्त होतो. दोन दिवस चालवत ठेवला तर कॉम्प्रेसरही हातचा जातो. तुमचा कालपासून चालू आहे. अजून आशा आहे, पण आता अर्धा तासही नको.

दुसरी गोष्ट इतर वाचकांसाठी. मागे वाकून कॉम्प्रेसरवरचं लेबल पाहा. पिवळ्या त्रिकोणात ज्योतीचं चित्र असेल किंवा आर-६००ए लिहिलं असेल तर आत आयसोब्युटेन आहे, तुमच्या सिलिंडरमधल्या गॅसचा चुलतभाऊ. घरच्या फ्रिजमध्ये तो अगदी थोडा असतो, साधारण पन्नास ग्रॅमच्या आसपास. पण सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, याला नसतो. म्हणून ‘सूंऽऽ’ ऐकू आलं की शेगडी पेटवायची नाही, उदबत्ती लावायची नाही, खिडक्या-दारं उघडायची आणि फ्रिजचा दरवाजाही उघडाच ठेवायचा. त्याच्या शेजारचं बटण दाबत बसू नका, मीटरजवळचा मेन स्विच पाडा. तुमच्याकडचा गॅस तर केव्हाच उडून गेला असेल, तेव्हा घाबरू नका.

एम-सील. लावू नका. बाहेरून ते घट्ट बसेलही, पण आत गेलेली हवा आणि ओल त्यानं निघत नाही. मिस्त्री आला की त्याला चार गोष्टी विचारा. डबा बदलणार की भोक बुजवणार? फिल्टर नवा घालणार का? व्हॅक्यूम पंप लावणार का, आणि किती वेळ? गॅस वजनावर भरणार की अंदाजानं? व्हॅक्यूमच्या प्रश्नावर जो म्हणतो, ‘त्याची गरज नाही काकू, कॉम्प्रेसरनंच हवा काढून टाकतो’, त्याला चहा पाजून परत पाठवा. ओल आत राहिली की अगदी बारीक भोक असलेल्या कॅपिलरी नळीच्या तोंडाशी तिचा बर्फ होतो आणि वाट बंद. मग फ्रिज दोन दिवस चालतो, एक दिवस रुसतो. आणि गॅस आर-६००ए असेल तर भरलेल्या नळीवर ज्योत लावणारा माणूस घरात घेऊच नका.

आता माझं पाप सांगतो. १९८६ साली मी उस्तादांकडे कामाला लागलो. सहा महिने झाले होते, म्हणजे सगळं येते अशी समजूत. घरी मावशी आली होती, तिला सरबतात बर्फ हवा होता. ट्रे चिकटलेला. मी खिशातला पेचकस काढला आणि ट्रेखाली घालून उचकटला. ट्रे निघाला आणि त्याच्याबरोबर ‘सूंऽऽ’सुद्धा. तेव्हाचा गॅस न पेटणारा, त्यामुळे जीव वाचला, अब्रू गेली. दुसऱ्या दिवशी उस्ताद आले. त्यांनी चष्मा लावला नाही, बॅटरी मागितली नाही. फक्त बोट ट्रेच्या जागेवर फिरवत नेलं आणि एका ठिकाणी थांबवून मला म्हणाले, ‘हात लाव.’ तिथे बोट सटकत होतं. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल बाहेर येते आणि भोकाशी चिकट टिपका राहतो. साबणाचा फेस लावला तर बुडबुडा येतो, पण बोटाला आधी कळतं. दुरुस्तीचे पैसे त्यांनी माझ्या पगारातून चार महिने कापले. ट्रे चिकटला तर वरून भांडंभर साधं पाणी ओतायचं, हे मला तेव्हापासून पाठ आहे.

बर्फ काढायची रीत अशी. थर करंगळीच्या जाडीचा झाला की काढायला घ्या, डोंगर होऊ देऊ नका. थर्मोस्टॅटच्या गोल बटणाच्या मधे दाबायचा खटका असतो, तो रात्री झोपताना दाबा. बर्फ वितळला की फ्रिज आपोआप सुरू होतो. थर फारच जाड असेल तर प्लग काढा, दरवाजा उघडा ठेवा, फ्रीजरमध्ये जाड टॉवेलाची घडी घालून तिच्यावर गरम पाण्याचं पातेलं ठेवा. मे महिन्यात आपल्या स्वयंपाकघराची हवाच अर्धं काम करते. तासाभरात बर्फाच्या लाद्या हातानं निघतात. मीठ टाकू नका. बर्फ लवकर सुटतो हे खरं, पण ॲल्युमिनियमला मीठ खाते, आणि वर्षभरानं न खुपसलेल्या सुरीचं भोक पडतं.

प्रश्न : डबल डोअर, फ्रॉस्ट फ्री. वर फ्रीजरमध्ये बर्फ होतो, खाली दूध नासते. मिस्त्री आला, फ्रिज एक दिवस उघडा ठेवायला सांगून पैसे घेऊन गेला. आठ-दहा दिवस मस्त चालला, पुन्हा तेच. असं तीनदा झालं. आता तो म्हणतो गॅस कमी आहे. मला थोडंफार इलेक्ट्रिकचं काम येतं, मल्टीमीटर आहे. घरी काय तपासू? — एक वाचक, मानेवाडा

उत्तर : दादा, तुमच्या ‘आठ-दहा दिवस’ या दोन शब्दांत अर्धं निदान झालं. गॅस कमी असता तर एक दिवस उघडा ठेवल्यानं तो वाढला नसता.

फ्रॉस्ट फ्री म्हणजे त्यात बर्फ होत नाही असं लोकांना वाटतं. होतो, फक्त तुम्हाला दिसत नाही. फ्रीजरच्या मागच्या प्लास्टिकच्या पडद्याआड कॉइल असते आणि तिच्याशेजारी पंखा. पंखा त्या कॉइलवरून हवा ओढतो. थोडी फ्रीजरमध्ये सोडतो, थोडी खाली पाठवतो. हवेतली ओल कॉइलच्या पात्यांवर पांढरी होऊन बसते. ती दर काही तासांनी वितळवायला खाली हीटर असतो. जुन्या मॉडेलांत टायमर असतो. कॉम्प्रेसर साधारण आठ तास चालला की तो कॉम्प्रेसर बंद करून वीस-पंचवीस मिनिटं हीटर लावतो. कॉइल पुरेशी गरम झाली की तिच्यावर चिकटवलेला बायमेटल नावाचा खटका हीटर बंद करतो. पाणी नळीतून मागे कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये जातं आणि त्याच्याच उष्णतेनं उडून जातं. या साखळीतला एक कुणीही झोपला की कॉइल बर्फानं गच्च भरते. वर कॉइलच्या शेजारी असल्यानं फ्रीजर गार राहतो, खाली हवाच पोचत नाही. तुम्ही एक दिवस उघडा ठेवता, बर्फ वितळतो, वाट मोकळी होते, आठ दिवसांत पुन्हा भरते. पंखाच मेला असता तर वितळवल्यावर एक दिवसही फरक पडला नसता.

आता काम. पुन्हा दूध नासायला लागलं की, बर्फ वितळवायच्या *आधी* उघडा. हे महत्त्वाचं. मिस्त्री लोक आधी वितळवतात आणि पुरावा धुऊन जातो. प्लग काढा, स्विच पाडून चालणार नाही, प्लगच काढा. फ्रीजर रिकामा करून मागचा पडदा उघडा. स्क्रू काढल्यावरही तो निघत नसेल तर ओढू नका, मागून बर्फानं धरलाय, थोडा वेळ द्या. कॉइल पूर्ण पांढरी, वरपासून खालपर्यंत सारखी, पाती दिसतच नाहीत: डीफ्रॉस्टची भानगड. एका कोपऱ्यात तेवढा बर्फाचा गोळा आणि बाकी कॉइल उघडी: तेव्हा गॅसचा संशय घ्यायचा. तुमच्या मिस्त्रीनं हे पाहिलं का, विचारा त्याला.

मीटरची कामं. हीटरची दोन टोकं सोडवून मोजा. दोनशे-तीनशे ओमच्या घरात काहीतरी दाखवेल, हीटर किती वॉटचा त्यावर आकडा बदलतो. काहीच दाखवत नसेल तर हीटर तुटलाय. हीटर फार तापला तर उडणारा फ्यूज असतो, तो शून्याजवळ दाखवायला पाहिजे. उडालेला असेल तर तो का उडाला ते शोधा, बहुतेक वेळा बायमेटल चिकटून हीटर चालूच राहिलेला असतो. आणि हात जोडून सांगतो, फ्यूज काढून वायरी डायरेक्ट जोडू नका. एका घरी मी असा जोडलेला पाहिला आहे. कॉइलच्या मागचं प्लास्टिक पापडासारखं वळलं होतं.

बायमेटलमध्ये मात्र चांगले चांगले फसतात. खोलीच्या हवेत तो ओपनच दाखवणार, तो गारठला तरच जोडतो. मीटर लावला, ओपन आला, ‘गेला’ म्हणून नवा घातला, आणि फ्रिज तसाच. तपासायचा कसा? कुल्फीवाल्यासारखा. पेल्यात बर्फ चुरा, त्यावर मूठभर जाडं मीठ. नुसत्या वितळत्या बर्फाचा गारवा शून्याच्या खाली जात नाही. मीठ घातलं की सहज उणे दहापर्यंत जातो. बायमेटल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यात पुरा, वायरी बाहेर. दहा मिनिटांनी मीटर लावा. जोडलेला दाखवला तर बायमेटल ठीक आहे. बाहेर काढून हातात धरला की थोड्या वेळात ‘टिक’ करून सुटतो. हा ‘टिक’ बोटाला जाणवतो. लहान मुलं असतील घरात तर त्यांना दाखवा, मजा येते.

तिन्ही ठीक निघाले तर टायमर. तो मागे कॉम्प्रेसरपाशी असतो, नाहीतर आत थर्मोस्टॅटच्या डब्याजवळ. त्यात पेचकस बसेल असा खाचेचा दांडा असतो. सगळं पुन्हा जोडा, पडदा लावा, फ्रिज काही तास चालू द्या, मग तो दांडा घड्याळाच्या दिशेनं हळूहळू फिरवा. ‘टक्’ झालं की कॉम्प्रेसर थांबतो आणि हीटर लागतो. कान फ्रीजरला लावा. पाचेक मिनिटांत तव्यावर पाण्याचा थेंब पडल्यासारखं ‘चुर्रऽऽ’ ऐकू येईल. बर्फ वितळून थेंब तापलेल्या हीटरवर पडतात, त्याचा तो आवाज. हातानं फिरवल्यावर ‘चुर्र’ येते आणि एरवी कधीच येत नाही, म्हणजे टायमरची मोटर मेली. हा भाग काही शे रुपयांचा. गॅसचं नाव सांगून त्याच्या कैकपट घेतले जातात, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

इन्व्हर्टर मॉडेल असेल तर हे टायमर-बायमेटलचं पुराण लागू नाही. तिथे सेन्सर आणि बोर्ड असतो, आणि बोर्डावर प्लग काढल्यावरही काही वेळ करंट साठलेला राहतो. हीटर आणि फ्यूज तेवढे मोजा, बोर्डाला हात लावू नका.

प्रश्न : दुपारी दोन ते पाचपर्यंत आमचा फ्रिज ‘टक्… टक्’ करतो आणि चालू होत नाही. रात्री बरोबर चालतो. कॉम्प्रेसर बदलावा लागेल असं सांगितलं आहे. — एक निवृत्त शिक्षक, जरीपटका

उत्तर : गुरुजी, जो रोज रात्री काम करतो तो मेलेला नसतो. दुपारी प्लगमध्ये व्होल्टेज किती येते ते आधी मोजून घ्या. गल्लीतल्या प्रत्येक घरी कूलर, एसी, बोअरचा पंप. एकशे ऐंशीच्या खाली लाइन गेली की साधा कॉम्प्रेसर उठायचा प्रयत्न करतो, उठत नाही, तापतो, आणि त्याच्या अंगावरचा ओव्हरलोड नावाचा खटका त्याला बंद करतो. तेच तुमचं ‘टक्’. काही मिनिटांनी ओव्हरलोड गार होऊन पुन्हा जोडतो, पुन्हा तेच. असं दिवसभर चाललं तर मात्र कॉम्प्रेसर खरंच जाईल. तोवर दुपारी तीन तास फ्रिज बंद ठेवा, दरवाजा उघडू नका, काही बिघडत नाही. वेळ लावून चालू होणारा स्टॅबिलायझर घ्या.

व्होल्टेज ठीक निघालं तर प्लग काढून मागची रिले, म्हणजे कॉम्प्रेसरला उठवणारा छोटा भाग, काढायला लावा. कानाशी धरून हलवली आणि खुळखुळ्यासारखी वाजली तर आतली चकती फुटली आहे. स्वस्तातला भाग आहे.

आणि एक पाहा, फ्रिज कुठे ठेवलाय. मागची जाळी धुळीनं आणि फोडणीच्या तेलानं माखलेली असेल तर मऊ ब्रशनं साफ करा, भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. ज्यांना मागे जाळी नसते त्यांच्या बाजू तापतात, तिथे जागा सोडा. बाहेर पंचेचाळीस असताना आतली उष्णता बाहेर टाकायची म्हणजे भर दुपारी सक्करदऱ्याच्या चौकात लोकरीचा कोट घालून उभं राहण्यासारखं आहे. कूलरची हवा मात्र थेट फ्रिजच्या दारावर सोडू नका. गार वाटते, पण ती हवा ओली असते. दार उघडलं की ती सगळी ओल फ्रीजरमध्ये जाऊन बसते. उन्हाळ्यात बर्फ लवकर का चढतो असं विचारणारी तीन पत्रं आहेत, त्यांनाही हेच उत्तर.

प्रश्न : फ्रिजच्या हँडलला झिणझिण्या येतात. चप्पल घातली की येत नाहीत. चालेल ना? — एक गृहिणी, नंदनवन

उत्तर : नाही ताई. चप्पल हा काही इलाज नाही, ओल्या पायानं एकदा विसराल. प्लग काढा आणि आजच इलेक्ट्रिशियन बोलवा. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जोडणीत घातलाय का पाहा, अर्ध्या घरांत तेच निघतं. उन्हाळ्यात आपल्याकडे काळी जमीन भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. खड्ड्यात बादलीभर पाणी ओततात ते याचसाठी. पण पाण्यानं झिणझिण्या गेल्या तरी करंट कुठून गळतोय ते शोधायचं राहतंच. मागच्या हिवाळ्यात एका घरी कॉम्प्रेसरच्या मागे उंदरानं घर केलं होतं, उबेला. चिंध्या, शेंगदाण्याची टरफलं, चपलेचा एक रबरी पट्टासुद्धा, आणि मधे सोललेली वायर. मीटरजवळ ३० मिलीअँपिअरचा गळती-ब्रेकर बसवून घ्या. फक्त फ्रिजसाठीच नाही, कूलरसाठी तर नक्कीच.

प्रश्न : गॅस भरायचा डबा आणि नळी ऑनलाइन मिळते. घरीच भरता येईल का? — एक विद्यार्थी, हिंगणा रोड

उत्तर : नाही. कारण गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळीत तोच फिरत असतो. मी सुरुवातीच्या काळात भरलेला गॅस वीस-वीस वर्षं तसाच राहिलेला पाहिला आहे. कमी झाला म्हणजे गळती आहे, आणि गळती न शोधता भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी. त्यात तुझ्या फ्रिजला पन्नास ग्रॅम लागत असेल तर दहा ग्रॅमची चूक खूप मोठी. डब्याला तराजू नसतो. आम्ही शिकलो तेव्हा आर-१२ होता, चुकलो तरी पेटत नव्हता, पण ओझोनचा थर खात होता. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो हळूहळू गेला. भारत १९९२ मध्ये करारात आला आणि २०१० पर्यंत आर-१२ बंद झाला. मग आर-१३४ए आला, तो ओझोनला निर्धोक पण हवा तापवणारा. आता आर-६००ए, जो दोन्ही बाबतींत सोज्वळ आहे, फक्त पेटतो. शिकायची हौस असेल तर आयटीआयला रेफ्रिजरेशनचा कोर्स आहे, तिथे जा. हाताला काम राहील, नागपुरात तर आयुष्यभर.

प्रश्न : भाजीच्या ट्रेखाली रोज वाटीभर पाणी साचतं. — एक वाचक, गोकुळपेठ

उत्तर : आतल्या मागच्या भिंतीवर खाली एक छोटं भोक आहे, ते कोथिंबिरीच्या देठानं किंवा चिकट मळीनं बुजलंय. मोठी सिरिंज घ्या, कोमट पाणी भरून त्यात दाबा, दोन-चार वेळा. पाणी मागच्या ट्रेमध्ये पडल्याचा आवाज आला की झालं. तार घालू नका.

प्रश्न : (हे पत्र जानेवारीपासून माझ्या, म्हणजे मिस्त्रीच्या, टेबलावर पडून आहे, माफी असावी.) थंडीत फ्रीजरमधलं आइस्क्रीम मऊ पडतं, उन्हाळ्यात दगड होतं. उलटं व्हायला पाहिजे ना? फ्रिज मागच्या गॅलरीत आहे. — एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : गॅलरीतच सगळं आलं. बऱ्याच फ्रिजांत थर्मोस्टॅट खालच्या कप्प्याचा गारवा पाहून कॉम्प्रेसरला हाक मारतो. जानेवारीत नागपुरात रात्री पारा दहाच्या खाली जातो. गॅलरीत तर खालचा कप्पा आपोआपच गार. थर्मोस्टॅटला वाटतं सगळं ठीक आहे, कॉम्प्रेसर झोपून राहतो, आणि वरचा फ्रीजर हळूहळू सैल पडतो. फ्रिज घरात घ्या. नाही जमलं तर थंडीत बटण एक घर पुढे करा, कमी करू नका. लोक थंडीत बटण कमी करतात आणि मग आइस्क्रीमवाल्याला शिव्या देतात.

प्रश्न : काका, मी सहावीत आहे. बर्फाचा खडा बाहेरून काचेसारखा आणि मधे पांढरा का असतो? — त्रिमूर्तीनगर

उत्तर : या गठ्ठ्यातला हा एकच प्रश्न असा की ज्यात काही बिघडलेलं नाही. पोट्ट्या, पाण्यात हवा विरघळलेली असते. बर्फात तिला जागा नसते. ट्रेमधलं पाणी सगळ्या बाजूंनी आत गोठत जातं आणि हवेला मधे मधे ढकलत नेतं. शेवटी ती मधोमध कोंडते आणि तिचे बारीक बुडबुडे होतात, तेच पांढरं. पाणी उकळून घेतलं तर थोडा फरक पडतो, फार नाही. पूर्ण काचेसारखा हवा असेल तर एकाच बाजूनं गोठव. थर्माकोलचा छोटा डबा घे, झाकण न लावता त्यात पाणी भर आणि आईला विचारून फ्रीजरमध्ये ठेव. आता पाणी फक्त वरून गोठेल आणि हवा खाली खाली जाईल. अर्ध्याहून थोडं जास्त गोठलं की बाहेर काढ, किती तास लागतात ते तुझा फ्रीजर ठरवेल, मधे मधे बघत राहा. वरची लादी उचल आणि खालचं न गोठलेलं पाणी ओतून दे.